चिमणीवर तोफ डागू नये

बर्लिन हे सपाट शहर. त्याच्या दक्षिण भागात जेमतेम ६६ मीटर उंचीची एक टेकडी आहे, तिलाही तिथले लोक डोंगरच म्हणतात. क्रॉइत्सबेर्ग, म्हणजे क्रूसाचा डोंगर. माथ्यावर ओतीव लोखंडाचं एक उंच, टोकदार स्मारक आहे. नेपोलियनशी झालेल्या युद्धांची आठवण म्हणून कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुशिल्पीनं ते रचलं आणि १८२१ मध्ये त्याचं अनावरण झालं. तेव्हा टेकडीभोवती मोकळी जमीन होती. पुढच्या पन्नास वर्षांत शहर फुगत फुगत पायथ्याशी आलं, मजल्यावर मजले चढले आणि स्मारक झाकलं जाऊ लागलं. मग १८७८ मध्ये ते अख्खं स्मारक पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांनी सुमारे आठ मीटर उचललं गेलं, खाली नवा चौथरा बांधला गेला, आणि समोरच्या रस्त्याच्या रेषेत यावं म्हणून ते २१ अंशांनी वळवलंही गेलं.

एवढा खटाटोप केल्यावर भोवतीच्या घरांनी पुन्हा दृश्य अडवू नये, असं प्रशासनाला वाटलं तर नवल नाही. १० मार्च १८७९ रोजी बर्लिनच्या पोलीस प्रमुखांनी हुकूम काढला. स्मारकाच्या आसपासच्या जमिनींवर ठरावीक उंचीपेक्षा मोठी इमारत बांधायची नाही. पायथ्यावरून स्मारक दिसलं पाहिजे आणि स्मारकापाशी उभं राहिल्यावर शहर दिसलं पाहिजे. तिथल्याच एका जमीनमालकानं चार मजली घर बांधायची परवानगी मागितली, ती या हुकुमावर बोट ठेवून नाकारली गेली, आणि प्रकरण प्रशियाच्या, म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी त्या जर्मन राज्याच्या, वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयात पोचलं.

१४ जून १८८२ रोजी निकाल लागला. न्यायालयानं १७९४ च्या प्रशियन संहितेतलं एक कलम उघडलं. दुसरा भाग, सतरावं प्रकरण, दहावं कलम. त्यात लिहिलं होतं की सार्वजनिक शांतता, सुरक्षितता व सुव्यवस्था राखण्यासाठी आणि जनतेवर किंवा तिच्यातल्या एखाद्यावर येऊ घातलेलं संकट टाळण्यासाठी आवश्यक त्या उपाययोजना करणं हे पोलिसांचं काम. न्यायालयाचा प्रश्न सरळ होता. घरामागं स्मारक झाकलं जाणं हे संकट आहे का? नाही. कुणाचा जीव जात नाही, आग लागत नाही, रोग पसरत नाही. शहर देखणं राहावं ही इच्छा चांगली आहे, पण ती पोलिसी हुकुमानं पुरी करायची नसते. हुकूम रद्द झाला.

जर्मन कायद्याच्या इतिहासात ‘क्रॉइत्सबेर्ग निकाल’ इतका मोठा मानला जातो की पुष्कळ ठिकाणी त्याला ‘फेरहेल्टनिसमेसिशकाइट’ या तत्त्वाचा जन्मक्षण म्हटलेलं आढळतं. ते पूर्ण बरोबर नाही. या निकालानं ठरवलं ते पोलिसांचं क्षेत्र, म्हणजे कोणत्या कामासाठी ही सत्ता वापरता येते. फेरहेल्टनिसमेसिशकाइट हा त्याच्या पुढचा प्रश्न आहे: काम तुमचंच आहे हे मान्य, पण ते करताना हात किती उचलायचा? दोन प्रश्न सख्खे आहेत, एकाच कलमातून निघालेले आहेत, पण एक नाहीत. पहिल्याला ‘कशासाठी’ म्हणावं, दुसऱ्याला ‘किती’.

आता तो लांबलचक शब्द. जर्मन माणूस शब्दांचे डबे जोडून आगगाडी करतो, तशी ही सहा डब्यांची गाडी आहे. ‘फेर’ हा उपसर्ग, ‘हाल्ट’ म्हणजे धरणं (जोडताना त्याचं ‘हेल्ट’ होतं), ‘निस’ हा नाम बनवणारा प्रत्यय. या तिघांचं मिळून ‘फेरहेल्टनिस’, म्हणजे एका गोष्टीचं दुसरीशी असलेलं नातं, गुणोत्तर. मग ‘मेस’, जो ‘मास’ म्हणजे माप या शब्दापासून आला. शेवटी ‘इश’ आणि ‘काइट’ हे दोन प्रत्यय. सगळं मिळून अर्थ होतो: नात्याच्या मापात असण्याचा गुण. शब्दात कुठंही तराजू नाही. माप आहे. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढं या तत्त्वाचं ‘समतोल साधणे’ असं जे सोपं भाषांतर रूढ झालं त्यानं बराच गोंधळ केला.

मराठीत ‘प्रमाणबद्धता’ म्हटलं की डोळ्यांसमोर मूर्ती येते, नाक-डोळे-खांदे जिथल्या तिथं. इथं ‘प्रमाणशीरपणा’ अधिक जवळचा वाटतो. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी की आपल्या ‘प्रमाण’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक माप, दुसरा पुरावा. ‘मीठ प्रमाणात घाल’ यातलं प्रमाण आणि ‘याला प्रमाण काय?’ यातलं प्रमाण. जर्मन शब्दात फक्त पहिला अर्थ आहे. पण त्या तत्त्वाचा दीडशे-दोनशे वर्षांचा प्रवास पाहिला की दिसतं, दुसरा अर्थ जिथं सुटला तिथं पहिलाही टिकला नाही. उपाय मापात आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, त्याला प्रमाण द्यावं लागतं.

या विचाराचं मूळ शोधत गेलं तर आपण सिलेशियात श्वाइडनित्स या गावी पोचतो. तिथं १७४६ मध्ये जन्मलेला कार्ल गोटलीब स्वारेत्स हा प्रशियन संहितेचा मुख्य कारागीर. ही संहिता १ जून १७९४ रोजी लागू झाली आणि तिच्यात १९ हजारांहून जास्त कलमं आहेत. सगळं आयुष्य आधीच लिहून ठेवावं असा तिचा सोस. ती तयार होत असताना, १७९१-९२ मध्ये, स्वारेत्सकडं युवराजाला कायदा शिकवण्याचं काम आलं. हाच युवराज पुढं तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म म्हणून गादीवर बसला. अनियंत्रित राजेशाहीचा वारस समोर बसलेला, आणि शिक्षक त्याला सांगतो आहे की सर्वांचं स्वातंत्र्य आणि सुरक्षितता टिकण्यासाठी जेवढं लागतं तेवढंच एकट्याचं स्वातंत्र्य राज्यानं आवळावं. शिवाय असं आवळून जे नुकसान टळणार ते त्या माणसाच्या तोट्यापेक्षा कितीतरी मोठं असलं पाहिजे. आज न्यायालयं चार पायऱ्यांनी तपासणी करतात, ती पुढं येईलच; तिच्यातल्या शेवटच्या दोन पायऱ्या इथं जवळजवळ उभ्याच आहेत.

यातली एक गोष्ट आपण सहसा विसरतो. त्या काळी प्रशियात निवडून आलेली संसद नव्हती, मूलभूत हक्कांची सनद नव्हती. जनतेच्या हाती राजाला विरोध करण्याचं साधन नव्हतं. म्हणून मर्यादा राजाच्याच कामातून काढावी लागली: तुम्हीच म्हणता की ही सत्ता लोकांच्या सुरक्षिततेसाठी आहे, तर मग सुरक्षिततेला लागते त्यापेक्षा जास्त वापरलीत तर ती कशासाठी होती? लोकशाहीच्या आधी जन्मलेलं हे तत्त्व लोकशाहीतही लागतंच, कारण बहुमतालाही हाच प्रश्न विचारता येतो.

पोलीस म्हणजे तेव्हा आजच्यासारखं खाकीतलं खातं नव्हे. अठराव्या शतकातल्या जर्मन ‘पोलिसाय’मध्ये बाजारातली वजनं, विहिरी, धुराडी, रोगराई, भिकारी, कपड्यांवरचा डामडौल, सगळं येई. आजच्या महापालिकेची, अन्न-औषध खात्याची आणि ठाण्याची कामं एकाच दारी. त्यामुळं ‘पोलिसांना मर्यादा’ याचा अर्थ ‘राज्यकारभाराला मर्यादा’. गुंथर हाइनरिश फॉन बेर्ग यानं याच काळात जर्मन पोलीस कायद्यावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला आणि १८०२ च्या सुमारास त्यात मांडलं की वैध हेतूला लागेल तेवढाच संकोच नैसर्गिक स्वातंत्र्याचा व्हावा. ‘प्रमाणशीर’ या अर्थाचं विशेषण त्याच्याच लिखाणातून पोलीस कायद्यात आलं असं मानतात.

पुढं शतकभर हे काम प्राध्यापकांपेक्षा न्यायाधीशांनी जास्त केलं. प्रशियाचं वरिष्ठ प्रशासकीय न्यायालय १८७५ मध्ये सुरू झालं आणि परवाने, फलक, सभा, दारूची दुकानं अशा रोजच्या कटकटींमधून त्यानं ‘आवश्यक’ या शब्दाला धार लावली. १८९५ मध्ये ओट्टो मायर यानं आपल्या प्रशासकीय कायद्याच्या ग्रंथात त्या सगळ्याला शिस्तीत बसवलं. आणि १९११ मध्ये स्विस विद्वान फ्रित्स फ्लाइनर यानं ते एका वाक्यात सांगितलं, जे आजही प्रत्येक जर्मन कायदा-विद्यार्थ्याला पाठ असतं: पोलिसांनी चिमण्यांवर तोफा डागू नयेत. दिसायला हे वाक्य फारच सोपं आहे. पण त्यात एक बारकावा आहे. तोफेनं चिमणी मरतेच. म्हणजे उपाय लागू पडतो, हेतूही साधतो. आक्षेप असा की गोफणीनं भागलं असतं.

हेच १९३१ च्या प्रशियन पोलीस प्रशासन कायद्यात कलम ४१ म्हणून लेखी झालं, आणि किती व्यवहारी रीतीनं! संकट टाळायला अनेक मार्ग असतील तर पोलिसांनी त्यातला एकच सांगितला तरी पुरे, मात्र तो संबंधित माणसाला आणि जनतेला कमीत कमी जाच होईल असा असावा. आणि त्या माणसानं स्वतःहून तितकाच परिणामकारक दुसरा मार्ग सुचवला, तर त्याच्या अर्जावर तो वापरू द्यावा. समजा, धोकादायक भिंत पाडायचा हुकूम आहे आणि मालक म्हणतो, मी तिला टेकू देऊन पक्की करतो. भिंत पडायची नाही एवढं साधलं तर पाडण्याचा हट्ट धरता येत नाही. ज्याच्यावर हुकूम बजावला जातो त्यालाच उपाय सुचवण्याचा हक्क देणारी ही तरतूद या साऱ्या परंपरेतली सर्वांत माणुसकीची गोष्ट आहे. आजच्या जर्मन पोलीस कायद्यांमध्ये तिचे वंशज आहेत. केंद्रीय पोलीस कायद्याच्या पंधराव्या कलमात तीन वाक्यं आहेत: लागू पडणाऱ्या उपायांतला सर्वांत कमी जाचक निवडा, साधणाऱ्या फळाच्या मानानं उघड उघड बेमाप नुकसान होईल असं करू नका, आणि हेतू साधला, किंवा साधणार नाही असं दिसलं, की थांबा. तिसरं वाक्य पुष्कळदा विसरलं जातं. माप फक्त जोराचं नसतं, वेळेचंही असतं.

कायदा इतका नीट लिहिलेला होता, आणि दोनच वर्षांत त्याचं काय झालं? २८ फेब्रुवारी १९३३ च्या वटहुकुमानं मूलभूत हक्क स्थगित झाले. १० फेब्रुवारी १९३६ च्या कायद्यानं गुप्त राज्य पोलिसांचे, म्हणजे गेस्टापोचे, आदेश प्रशासकीय न्यायालयांच्या तपासणीतून काढून टाकले. ‘किती’ हा प्रश्न विचारणाराच राहिला नाही. शब्द पुस्तकांत होता तिथंच राहिला.

म्हणूनच १९४९ नंतर जे घडलं ते समजतं. नव्या राज्यघटनेनं पहिल्याच कलमात सांगून टाकलं की मूलभूत हक्क कायदेमंडळालाही बांधतात. फेरहेल्टनिसमेसिशकाइट हे तत्त्व मात्र हक्कांच्या त्या यादीत कुठंही लिहिलेलं नाही. कार्लस्रूहं इथं १९५१ मध्ये काम सुरू केलेल्या घटना न्यायालयानं ते पोलीस ठाण्याच्या पायरीवरून उचललं आणि संसदेच्या दारात नेऊन ठेवलं.

ही उचल ज्या खटल्यात झाली तो औषधाच्या दुकानाचा होता. बव्हेरियातल्या ट्राउनरॉइट या लहान गावी एका औषधनिर्मात्याला १९५६ मध्ये दुकान काढायचं होतं. बव्हेरियाच्या १९५२ च्या कायद्यानुसार नवीन दुकानाला परवानगी तेव्हाच, जेव्हा लोकांना त्याची गरज असेल आणि जवळच्या जुन्या दुकानांच्या धंद्याला फार धक्का बसणार नसेल. गावात एक दुकान होतं, ते पुरेसं आहे, म्हणून अर्ज फेटाळला. सरकारची बाजू एका साखळीसारखी होती. दुकानं मोकळी केली तर ती फार होतील, स्पर्धेनं कमाई घटेल, कमाई घटली की दुकानदार कर्तव्यात हयगय करतील, औषधांचा दर्जा घसरेल, नको ती औषधं लोकांच्या गळ्यात मारली जातील, आणि शेवटी जनतेचं आरोग्य बिघडेल.

११ जून १९५८ च्या निकालात न्यायालयानं या साखळीची एकेक कडी हातात घेतली. स्वित्झर्लंडमध्ये दुकानं काढायला अशी अडकाठी नव्हती. तिथं लोकांचं आरोग्य ढासळलं का? नाही. हयगयीची भीती असेल तर तपासणी आहे, औषध बनवण्यावर नियंत्रण आहे, जाहिरातींवर बंधनं घालता येतात. शेजारच्या दुकानदाराला स्पर्धेपासून वाचवणं हा तर हेतूच होऊ शकत नाही. मग न्यायालयानं एक शिडी मांडली. धंदा कसा करायचा यावरचं बंधन सर्वांत हलकं, त्याला साधं समंजस कारण पुरे. धंद्यात शिरण्यासाठी शिक्षणाची किंवा परीक्षेची अट त्याहून जड, तिला महत्त्वाचं सार्वजनिक हित दाखवावं लागेल. आणि माणसाच्या हातात काहीच नाही अशी अट, जसं ‘गावात गरज नाही’, ही सर्वांत जड. ती फक्त फार मोठ्या हिताला असलेला, सिद्ध करता येण्याजोगा मोठा धोका टाळण्यासाठी. खालच्या पायरीवर काम भागत असेल तर वरच्या पायरीवर जायचं नाही. चिमणी आणि तोफ इथं संसदेच्या कायद्याला लागू झाली. आणि पुरावा मागितला गेला. ‘प्रमाण’चा दुसरा अर्थ इथं पहिल्याला येऊन मिळाला.

पुढं ही तपासणी चार प्रश्नांत स्थिरावली. विद्यार्थी त्या ओळीनं शिकतात आणि ओळ मोडली की गुण जातात, ते उगाच नाही.

पहिला प्रश्न हेतूचा. राज्याला काय साधायचं आहे आणि ते साधणं घटनेला मान्य आहे का? बहुतेक कायदे इथं सहज पार पडतात. पण पुढची सगळी मोजणी याच वाक्यावर उभी राहते, म्हणून चुकीची सुरुवातही इथंच होते. हेतू ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असा ढगळ लिहिला तर कोणताही उपाय त्यात बसतो. उलट हेतू फार आवळून, ‘अमुक रस्त्यावर अमुक वस्तू मुळीच विकली जाऊ नये’ असा लिहिला तर बंदी सोडून दुसरा उपायच उरत नाही, आणि मोजण्याआधीच उत्तर ठरतं. हेतू उपायापासून वेगळा काढून लिहिता आला पाहिजे.

दुसरा प्रश्न: उपाय लागू पडतो का? पूर्ण नाही तरी निदान त्या दिशेनं काही मदत होते का? इथं नापास होणारे कायदे दुर्मीळ, पण एक उदाहरण मोठं गोड आहे. जर्मनीत बहिरी ससाणा घेऊन शिकार करणाऱ्यांना परवाना लागतो. १९७० च्या दशकातल्या बदलानंतर त्या परवान्यासाठी बंदुकीचं ज्ञान आणि नेमबाजीची परीक्षा आवश्यक झाली. ५ नोव्हेंबर १९८० रोजी घटना न्यायालयानं विचारलं, ससाण्यानं शिकार करणारा बंदूक वापरतच नाही, मग या परीक्षेनं साधतं काय? अट गेली.

तिसरा प्रश्न आवश्यकतेचा, आणि खरं काम इथं होतं. तितकाच परिणामकारक पण कमी जाचक दुसरा उपाय आहे का? ‘तितकाच परिणामकारक’ हे शब्द वगळले की दोन्हीकडून घोळ होतो: न्यायालय स्वतःच्या पसंतीचा सौम्य उपाय राज्याच्या गळ्यात मारू लागतं, किंवा राज्य प्रत्येक पर्यायाला ‘तो किंचित कमी पडेल’ म्हणून उडवून लावतं. याचं उत्तम उदाहरण चॉकलेटच्या सशाचं. ईस्टरला जर्मनीत चॉकलेटचे ससे विकतात. काही जण ते कुरमुऱ्यांचे बनवून वरून कोकोचा मुलामा देत. ग्राहक फसू नये म्हणून चॉकलेटसारख्या दिसणाऱ्या अशा वस्तूंच्या विक्रीवरच बंदी होती. १६ जानेवारी १९८० च्या निकालात न्यायालय म्हणालं, फसवणूक टाळायची आहे ना? मग वेष्टनावर ठळक लिहायला लावा की हा कुरमुऱ्यांचा आहे. ग्राहकाला तेवढंच कळतं आणि बनवणाऱ्याचा धंदाही राहतो. कुरमुऱ्याच्या सशासाठी देशाच्या सर्वोच्च घटनापीठानं वेळ दिला, ही गोष्ट या तत्त्वाबद्दल पुष्कळ सांगते.

चौथा प्रश्न उरतो: सगळं खरं, पण या माणसावर पडणारं ओझं मिळणाऱ्या फळाच्या मानानं झेपण्यासारखं आहे का? १० जून १९६३ च्या निकालात एका क्षुल्लक गुन्ह्याच्या आरोपीची मानसिक स्थिती तपासायची होती आणि त्यासाठी पाठीच्या कण्यात लांब सुई खुपसून द्रव काढण्याचा आदेश झाला होता. हेतू वैध, उपाय लागू पडणारा, निदानासाठी कदाचित दुसरा मार्गही नाही. पण आरोप इतका किरकोळ की तपासाचा त्रास शिक्षेपेक्षा मोठा. न्यायालयानं आदेश रद्द केला. पहिल्या तीन पायऱ्यांवर जे सापडत नाही ते पकडण्यासाठी ही चौथी लागते.

आणि तिथंच घसरणही आहे. पेटर लेर्खे या विद्वानानं १९६१ मध्ये या साऱ्याला ‘यूबरमासफेरबोट’ म्हटलं, म्हणजे अतिरेकाला मनाई. ‘अति तेथे माती’ म्हणणाऱ्या आपल्याला ते लगेच कळतं. अतिरेकाला मनाई म्हणजे ‘इतकं नको’ एवढंच सांगणं. ‘बरोबर किती’ हे सांगणं नव्हे. पण घाईत असलेला न्यायाधीश तिसऱ्या प्रश्नावर पुरावा न मागता चौथ्यावर उडी मारतो, एका पारड्यात देशाची सुरक्षा टाकतो, दुसऱ्यात एका माणसाची गैरसोय, आणि पारडं कुणीकडं झुकणार हे काय सांगायला हवं? या दोन गोष्टींना एकच वजनमाप नाही, हा बेर्नहार्ड श्लिंक यांच्यासारख्या जर्मन कायदेपंडितांचा जुना आक्षेप आहे आणि तो मनापासून पटतो. चौथी पायरी काढून टाकावी इतका नाही, पण तिच्यावर शेवटी आणि जपून पाय ठेवावा इतका नक्की.

काही गोष्टी तर मापायच्याच नसतात. अपहरण झालेलं प्रवासी विमान शस्त्र म्हणून वापरलं जाणार असेल तर ते पाडण्याची मुभा देणारा जर्मन कायदा घटना न्यायालयानं १५ फेब्रुवारी २००६ रोजी रद्द केला. जमिनीवरचे इतके विरुद्ध विमानातले तितके, अशी बेरीज निरपराध प्रवाशांच्या बाबतीत करायची नाही, कारण मानवी प्रतिष्ठेला गुणोत्तर लागू होत नाही.

हा शब्द देशाबाहेर गेला तो मक्याच्या पिठातून. फ्रँकफुर्टच्या एका कंपनीकडं २० हजार टन मक्याचं पीठ निर्यात करण्याचा परवाना होता, मुदतीत सगळं गेलं नाही म्हणून तिच्या अनामतीचा काही भाग जप्त झाला. तिनं तक्रार केली की हे प्रमाणाबाहेर आहे. १७ डिसेंबर १९७० रोजी युरोपीय न्यायालयानं तिची तक्रार फेटाळली, पण तत्त्व तपासून पाहिलं, आणि त्या दारानं ते युरोपच्या कायद्यात आलं. हरलेल्या खटल्यातून तत्त्व जिंकतं, असं पुष्कळदा होतं.

भारतात २ मे २०१६ रोजी, मध्य प्रदेशातल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांच्या खटल्यात, पाच न्यायाधीशांच्या पीठानं चार प्रश्नांची ही तपासणी स्पष्ट शब्दांत स्वीकारली, तीही इस्रायलचे न्यायाधीश आहारोन बराक यांच्या ग्रंथाच्या आधारानं. बर्लिन, कार्लस्रूहं, जेरुसलेम, दिल्ली, असा तो प्रवास. २४ ऑगस्ट २०१७ च्या खासगीपणाच्या निकालानं तिला बळ दिलं. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात बँक खात्याला आधार जोडण्याची सक्ती याच कसोटीवर पडली: काही जण काळा पैसा फिरवतात म्हणून देशातल्या प्रत्येक खातेदाराला संशयित मानणं प्रमाणाबाहेर. महाराष्ट्रातली डान्स बारवरची २००५ ची बंदी सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये टिकू दिली नाही, तेव्हाही मुद्दा हाच होता की स्त्रियांचं शोषण थांबवायला बंदीपेक्षा सौम्य मार्ग हाताशी होते. शिवाय तारांकित हॉटेलांना सूट होती, मग हेतूचं काय राहिलं?

२००० सालच्या ओम कुमार खटल्यात न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांनी लिहिलं की या तत्त्वाचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या प्रशियात आहे, पण भारतीय न्यायालयं ते १९५० पासून, नाव न घेता, वापरत आली आहेत. ही दुसरी गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. त्यासाठी विड्यांकडं जावं लागतं.

मध्य प्रांत आणि वऱ्हाडाच्या विधिमंडळानं १९४८ मध्ये नागपुरात एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर विड्या वळायला बसतात आणि शेताला हात मिळत नाहीत, म्हणून जिल्हाधिकाऱ्याला त्या हंगामात ठरावीक गावांत विडीकाम बंद करता येईल. १३ जून १९५० रोजी सागरच्या जिल्हाधिकाऱ्यानं तसा हुकूम काढला, आणि सप्टेंबरमध्ये पुढच्या हंगामासाठी, ८ ऑक्टोबर ते १८ नोव्हेंबर, पुन्हा तोच. चिंतामणराव या विडी कारखानदारानं आणि एका विडी कामगारानं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

न्यायमूर्ती मेहरचंद महाजन यांनी विचारलेले प्रश्न वाचताना प्रशियातलं न्यायालय आठवतं, जरी त्यांच्यासमोर एकही जर्मन ग्रंथ नव्हता. शेताला मजूर हवेत, हेतू ठीक. पण त्यासाठी शेतमजुरांना ठरावीक काळ दुसरीकडं काम देऊ नये किंवा विडीकामाचे तास ठरवून द्यावेत, एवढ्यानं भागलं असतं. इथं तर गावातल्या प्रत्येकाला बंदी. म्हातारी माणसं, अपंग, मुलं, ज्या बायका शेतावर जाऊच शकत नाहीत, जे शेतमजूर नाहीत, ज्यांना शेतावर काम मिळालेलंच नाही, तेही बसल्या जागी विडी वळू शकत नाहीत. त्यांच्या हातांचा शेताला काडीचा उपयोग नाही आणि त्यांची रोजी मात्र गेली. कायदा घटनाबाह्य ठरला.

तो निकाल ८ नोव्हेंबर १९५० चा. बंदीचा हंगाम संपायला तेव्हा दहा दिवस बाकी होते.